अंगावरची ओळख

पुणे जिल्ह्यातल्या मंचरात अंगावर ओळख बाळगून फिरणाऱ्यांत पहिला मान गाईचा. कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर. सरकारदरबारी त्याला पशुआधार म्हणतात. ‘गोवर्धन’ नावानं तूप विकणारी पराग मिल्क फूड्स १९९२ साली इथंच सुरू झाली. तिच्या भाग्यलक्ष्मी गोठ्यावर धार काढायला फिरती चकती आहे. गाय चकतीवर चढते, चकती संथ फिरते आणि फेरी पुरी होईतो धार उरकते. अशा यांत्रिक गोठ्यांत गाईच्या कानात, गळ्यात किंवा पायात इलेक्ट्रॉनिक खूण असते. वाचणाऱ्या यंत्राजवळून गाय गेली की कुठली गाय आणि किती दूध, हे आपोआप नोंदलं जातं. गाईला कुणी पासवर्ड विचारत नाही, बोट टेकव म्हणत नाही. ती रोजच्या वाटेनं येते, एवढंच.

हातातल्या घड्याळानं माणसाची ओळख पटवावी, फोनचं कुलूप काढावं, दुकानात पैसे चुकते करावेत आणि माणसाला मात्र काहीच करावं लागू नये, यासाठी जगातल्या बड्या कंपन्या खपतायत. त्यांच्या मनातलं सुख गोठ्यात केव्हाच नांदतंय. फरक इतकाच, की गाईची ओळख पटते ती मालकाच्या सोयीसाठी. शिवाय गाय काही ‘मी अमुक आहे’ असा दावा करत नाही. माणूस करतो, आणि खरी पंचाईत त्या दाव्यापासून सुरू होते.

पण आधी पट्ट्याचं बघू. गाईच्या गळ्यात पट्टा, घड्याळालाही पट्टा. संस्कृतात ‘पट्ट’ म्हणजे कापडाची किंवा धातूची अरुंद लांब पट्टी. ती राजाच्या कपाळावर बांधली की पट्टाभिषेक आणि राणीच्या कपाळावर बांधली की ती पट्टराणी. म्हणजे राजपद डोक्याला बांधायची वस्तू होती. पट्टीवर मजकूर कोरला की झाला जमिनीचा पट्टा. बाजार समितीत माल विकल्यावर आडत्या जो हिशेबाचा कागद हातात ठेवतो तीही पट्टीच. मंचरच्या शेतकऱ्याला बटाट्याची पट्टी काय आली यापुढं पट्टराणीचं कौतुक नाही. आणि कचेरीतला पट्टेवाला! अंगावर आडवा पट्टा, त्याला पितळी बिल्ला, आणि तेवढ्यावर साहेबाच्या दालनात मुक्त प्रवेश. अंगावरच्या वस्तूनं दार उघडतं, ही कल्पना आपण एका हुद्द्याच्या नावातच साठवून ठेवली आहे. पट्टा उतरवला की पट्टेवाला उरत नाही, माणूस उरतो.

जुन्नर-आंबेगावात अलीकडं पट्टा म्हटलं की कान टवकारतात ते बिबट्यामुळं. माळशेज घाटात २००९ साली सोडलेल्या ‘आजोबा’ बिबट्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणूनच तो चालत चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत पोचल्याचं कळलं. बिबट्याला खरं तर पट्ट्याची गरज नाही. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि जाणकार फोटोवरून तो कोणता ते सांगतात. हे ‘ठिपक्यांवरून ओळखणं’ म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच झालं, कारण ‘ओळखणे’ या क्रियापदाच्या पोटात ‘लक्ष्’ धातू आहे. लक्ष आणि लक्षण त्याचेच सोयरे. ओळखायचं म्हणजे अंगावरचं लक्षण लक्षात ठेवायचं.

तरी मराठीत नुसतं ‘ओळखणे’ वेगळं आणि ‘ओळख पटणे’ वेगळं. दुसऱ्यात माणसाच्या हातात काही नाही. ती पटते किंवा पटत नाही. पटण्यासाठी समोर कोणीतरी लागतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदवायला गेलं की दोन ओळखदार न्यावे लागत. खताच्या शेवटच्या पानावर मजकूर असतो, की हे इसम दस्त करून देणाऱ्याला व्यक्तिशः ओळखतात आणि त्याची ओळख पटवतात. कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर चुलतभाऊ किंवा वकिलाचा कारकून या कामासाठी हजर असायचा. ओळख ही माणसानं माणसाबद्दल द्यायची गोष्ट होती. म्हणून तर ‘तिथं आपली ओळख आहे’ याचा अर्थ काम होईल असा होतो.

ओळख पटवण्यासाठी सरकारी मराठीनं आता ‘प्रमाणीकरण’ आणलं. शब्द जड आहे, पण घराणं चांगलं. ‘प्रमाण’मध्ये ‘मा’ म्हणजे मोजणे आहे. यंत्र तेच करतं: आधी साठवलेलं माप आणि आत्ताचं माप ताडून बघतं. आपल्या दर्शनकारांकडं याहून नेमका शब्द होता, ‘प्रत्यभिज्ञा’. त्यांचं ठरलेलं उदाहरण असं, की पूर्वी कुठंतरी पाहिलेला देवदत्त आज पुन्हा समोर आला आणि ‘हा तोच देवदत्त’ असं ज्ञान झालं. ‘हा’ आणि ‘तो’ यांची सांगड घातली जाते ती प्रत्यभिज्ञा. फोन पहिल्यांदा बोट चारपाच वेळा टेकवायला लावतो तेव्हा तो ‘तो’ साठवत असतो. नंतर दर वेळी ‘हा’ तपासतो. शब्द सुंदर आहे, पण रेशनच्या दुकानात कोणी तो उच्चारणार नाही. तिथं विचारतात, ‘थम लागला का?’

इंग्रजी ‘ऑथेंटिकेशन’च्या मुळाशी ग्रीक ‘ऑथेंटेस’ आहे: जो स्वतःच्या हातानं करतो तो. हाच शब्द ग्रीक लोक खुन्यालाही लावत, ते सोडून देऊ. आपल्या ‘दस्तुरखुद्द’ची चालही तीच, फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात आणि ‘खुद’ म्हणजे स्वतः. दस्तऐवजातही तोच हात. मराठीत खरेपणा जिथं तिथं हातात सापडतो, हस्ताक्षरातही. एकच शब्द वेगळा निघाला, ‘सही’. अरबी ‘सहीह’ म्हणजे बरोबर, निर्दोष. कागद तपासणारा शेवटी ‘बरोबर आहे’ असं लिहायचा, आणि तो शेराच पुढं नाव लिहिण्याच्या कृतीचं नाव होऊन बसला. आपण सही करतो तेव्हा शब्दशः ‘बरोबर’ करत असतो.

मंचरहून जुन्नर फार लांब नाही. तिथल्या शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या मुलाच्या नावानं पुढं जी राजमुद्रा निघाली ती संस्कृतात होती, फारसीत नव्हती, याचं अप्रूप आपल्याला आजही आहे आणि असावंच. पत्राच्या माथ्यावर ती मुद्रा आणि मजकूर संपला तिथं लहानसा दुसरा शिक्का. त्या धाकट्या शिक्क्यात ‘मर्यादा’ हा शब्द आहे: इथं मजकुराची हद्द संपली, याखाली कोणी काही घुसडायचं नाही. मधल्या ओळी बदलू नयेत म्हणून आजचे संगणकवाले जी गणिती मोहोर लावतात तिचं निम्मं काम हा धाकटा शिक्का करत होता. दोन्ही शिक्के मिळून आपल्याला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मिळाला. ‘सिक्का’ अरबी, ‘मुरत्तब’ही अरबी, म्हणजे रीतसर लावलेलं. जुन्या पत्रांखाली दिसणारं ‘मोर्तब सुद’ म्हणजे मोर्तब झालं.

मुद्रेची गंमत वेगळीच. हा शब्द इराणी भाषांतून संस्कृतात आला असावा, असं बऱ्याच भाषाभ्यासकांना वाटतं. फारसीतला ‘मुह्र’, म्हणजे आपली मोहोर, त्याच घरातली धरली जाते. तसं असेल तर मुद्रा आणि मोहोर या दुरावलेल्या बहिणी, आणि फारसी टाळून संस्कृत मुद्रा निवडणाऱ्यानं नकळत त्याच घरातली थोरली आणली. यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. शिक्के उंटाघोड्यावरून फिरत, शब्दही त्यांच्याबरोबर फिरले.

मुद्रा बोटात घातली की मुद्रिका. घड्याळातून, अंगठीतून ओळख पटवण्याच्या आजच्या खटपटीचा खरा पूर्वज हा. ‘अंगठी’ हा शब्द अंगठ्यावरूनच आला, ‘अंगुष्ठ’ हे दोघांचं मूळ. आपण ती आता घालतो मात्र भलत्याच बोटात. आणि अंगठीनं ओळख पटवण्यात काय काय बिघडू शकतं, हे संस्कृत नाटककारांइतकं बारकाईनं कोणी मांडलेलं नाही.

कालिदासाच्या नाटकाचं नावच ‘अभिज्ञानशाकुंतल’. अभिज्ञान म्हणजे ओळख पटवणारी खूण. महाभारतातल्या मूळ कथेत अंगठी नाहीच. तिथं शकुंतला मुलाला घेऊन भर सभेत येते, दुष्यंत राजाशी तडाखेबंद वाद घालते, आणि शेवटी आकाशवाणी साक्ष देते. म्हणजे ओळखदार थेट वरून येतो. कालिदासानं ओळखदार काढला आणि वस्तू आणली. वस्तू आली की ती हरवणं आलं. तीर्थाचं पाणी हातात घेताना अंगठी गळून पडली, माशानं गिळली, कोळ्याला सापडली, आणि शिपायांनी चोर म्हणून धरलं ते त्या बिचाऱ्या कोळ्याला. अंगठीवर राजाचं नाव कोरलेलं होतं. तिला राजाचं नाव ठाऊक होतं, पण ती कोणाच्या बोटात आहे, की कोणाच्याच बोटात नाही, हे ठाऊक नव्हतं.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त याहून वाईट घडतं. नंदांचा अमात्य राक्षस पाटलीपुत्र सोडताना आपली मुद्रा बायकोजवळ ठेवून जातो. एक लहान मूल दाराबाहेर डोकावतं, त्याला आत ओढताना तिच्या बोटातली अंगठी निसटते आणि घरंगळत उंबऱ्याबाहेर येते. निसटते कारण ती पुरुषाच्या बोटाच्या मापाची होती. ती चाणक्याच्या हेराच्या हाती लागते, आणि पुढचं सगळं नाटक त्या एका शिक्क्यावर चालतं: राक्षसाच्या नावानं खोटं पत्र, त्यावर खरी मुद्रा. शकुंतलेची खूण हरवली, राक्षसाची चोरली गेली. दुसरं जास्त घातक, कारण हरवलेल्या खुणेनं काम अडतं. चोरलेल्या खुणेनं काम अगदी सुरळीत चालतं, फक्त दुसऱ्याचं. मराठी माध्यमातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना सायबरसुरक्षा शिकवायची असेल तर मी पहिल्या दिवशी ‘मुद्राराक्षस’ वाचायला देईन.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात याच्या उलटं झालंय. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या पुरुषभर उंच मूर्ती कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर ब्राह्मीत नाव. मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. नावं मात्र अजून वाचता येतात. दोन हजार वर्षं नामपट्टी ज्याची त्याला सांभाळून आहे, माणूसच तेवढा नाही.

तर अंगठीवर भरवसा नाही, मग थेट अंगठाच घ्या, हा विचार हिंदुस्थानातच रुजला. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अंमलदारानं रस्त्याच्या खडीच्या करारावर ठेकेदार राज्यधर कोनाईच्या पंजाचा ठसा घेतला. कलकत्त्यात १८९७ साली ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी करण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता, पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं, मिळालं. मराठीत या शोधाची जमा झाली ती हिणवणीच्या खात्यात: अंगठाछाप, अंगठेबहाद्दर. ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द कागदावर आले की मान खाली जायची. रमेश इंगळे उत्रादकरांनी साक्षरता मोहिमेवरच्या कादंबरीला हेच नाव दिलं ते उगाच नाही. मग २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला आणि अंगठ्याचे दिवस फिरले. आता जिल्हाधिकारीही हजेरीला अंगठा लावतात. अंगठाछाप हा शब्द मात्र अजून शिवीच आहे. भाषेला अशा बढत्या कळायला उशीर लागतो.

आणि नेमका ज्याचा अंगठा पूर्वी चालायचा त्याचा आता ‘येत नाही’. कांदा काढून, बटाटे वेचून, जन्मभर खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हातारी माणसं यंत्रावर अंगठा दाबतात, पुसतात, पदराला घासतात, पुन्हा दाबतात. शाईचा ठसा अंधुक उमटला तरी तलाठी चालवून घ्यायचा. यंत्राला चालवून घेणं माहीत नाही.

वस्तू हरवते, अंग झिजतं, मग राहिला शब्द. पासवर्डला मराठीत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. कोशकार ‘परवल’ची सांगड इंग्रजी ‘पॅरोल’शी घालतात, म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगायचा सांकेतिक शब्द. फ्रेंचमध्ये ‘पारोल’चा अर्थच मुळी ‘शब्द’. तेव्हा परवलीचा शब्द म्हणजे शब्दाचा शब्द. हाच पाहुणा दुसऱ्या वेळी दुसऱ्या दारानं आला: कैद्याला सुट्टी मिळते तोही पॅरोल, कारण मी परत येईन असा त्यानं दिलेला शब्द. पहिल्यांदा आला तेव्हा आपण त्याला मराठी लुगडं नेसवलं, दुसऱ्यांदा तसाच ठेवला. पण ‘परवली’च्या अर्थाचं मराठीत जे झालं ते बघण्यासारखं आहे. वर्तमानपत्र लिहितं, ‘विकास हा सध्या परवलीचा शब्द झाला आहे’, म्हणजे ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. जो कोणालाच कळू नये तो शब्द सगळ्यांच्या तोंडी गेल्याचं नाव परवल! पासवर्डचं पुढं काय होणार, हे मराठीला आधीच कळलं होतं असं वाटतं. घरातल्या चौघांच्या फोनचा आकडा एकच असतो आणि तो शेजाऱ्यांनाही पाठ असतो.

आता घड्याळ. ‘घटी’ म्हणजे लहान घट. पाण्यात ठेवलेलं भोकाचं घटिकापात्र बुडायला चोवीस मिनिटं लागत, ती एक घटिका. घडी आणि घड्याळ त्यातूनच आले. ते बांधायच्या जागेला संस्कृतात ‘मणिबंध’ म्हणतात, मणी बांधायची जागा. आपल्या मनगटाच्या सुरुवातीलाही तोच मणी असावा असा माझा अंदाज, पैज लावणार नाही. या घटिकेचं दुसरं नाव मात्र फार महत्त्वाचं आहे: नाडी. नाडी म्हणजे पोकळ नळी. म्हणून शरीरातली वाहिनी नाडी, वैद्य बघतो ती नाडी, आणि पंचांगात काळाचं चोवीस मिनिटांचं मापही नाडीच. मनगटावरचा ठोका आणि मनगटावरचा काळ यांना एकच शब्द आपल्याकडं शेकडो वर्षं आहे. आजचं घड्याळ या दोन अर्थांची गाठ घालतं.

घड्याळ पालथं करून बघा. पाठीशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त लाल, म्हणून ते हिरवा उजेड शोषतं. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, तसा परतणारा उजेडही. यावरून घड्याळ नाडी मोजतं आणि आपण जिवंत मनगटावर आहोत की टेबलावर पडलोय, हेही त्याला अशाच संवेदकांवरून कळतं. २०१५मध्ये आलेल्या ॲपलच्या घड्याळानं रूढ केलेली युक्ती एवढीच: सकाळी पट्टा आवळला की एकदा आकडा घालायचा, मग दिवसभर काही विचारणार नाही, मनगट सुटलं की कुलूप. दुष्यंताच्या अंगठीत जे नव्हतं ते हेच. राक्षसाची मुद्रा अशी असती तर उंबऱ्याबाहेर घरंगळेपर्यंत नुसता धातूचा तुकडा झाली असती.

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात ‘हयातीचा दाखला’ द्यावा लागतो. हयात अरबी, म्हणजे जीवन. ‘दाखला’तही अरबी ‘दखल’, आत येणं. घड्याळ हा दाखला वर्षातून एकदा न घेता सतत घेत असतं, आणि तोही पेन्शनवाल्याला बँकेच्या रांगेत उभं न करता. टोरांटोच्या एका कंपनीनं २०१३ साली याच्या पुढचं पाऊल म्हणून, हृदयाच्या विद्युत लहरीच्या वळणावरूनच माणूस ओळखणारा मनगटपट्टा जाहीर केला होता. वैद्य नाडी बघून प्रकृती सांगायचे. नाव सांगू म्हणणारा वैद्य कोणी झाला नाही.

या हिरव्या उजेडाला अडतं काय, तर गोंदण. पहिलं घड्याळ बाजारात येताच मनगटावर गडद गोंदलेल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या: शाई उजेड गिळते, घड्याळाला मनगट सापडत नाही आणि ते सारखं कुलूप घालून बसतं. आपल्याकडं मनगटावरचं गोंदण ही ओळखीची सगळ्यात पक्की खूण होती. जत्रेत हरवलेल्याचं वर्णन देताना ‘हातावर अमुक नाव गोंदलेलं’ हे पहिलं सांगत. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं बायका म्हणत. म्हणजे गोंदणाला हयातीशी देणंघेणं नव्हतं, आणि घड्याळाला दुसऱ्या कशाशीच नाही.

हे सगळं कशासाठी, तर खातरजमेसाठी. हा शब्द फारसीतून आला. ‘खातिर’ म्हणजे मन आणि ‘जमा’ म्हणजे एकवटलेलं. खातरजमा म्हणजे मन थाऱ्यावर असणं. ‘खात्री’ याच खातिरीची, आणि पाहुण्याची ‘खातिरदारी’सुद्धा. फारसीत ती मनःशांती. मराठीत आल्यावर ‘खातरजमा करून घ्या’ म्हणजे तपासून घ्या. मनाला स्वस्थता हवी असेल तर आधी तपासा, असा मराठी व्यवहार शब्दात उतरला. मात्र मन कोणाचं, हा प्रश्न शब्दानं मोकळाच ठेवला. ओळखदार उभे राहत तेव्हा निबंधकाचं, आता बँकेचं.

टायटननं २०२० साली स्टेट बँकेबरोबर पैसे देणारं मनगटी घड्याळ आणलं. तेव्हा यंत्राला नुसतं टेकवून, आकडा न घालता, दोन हजारांपर्यंत देता येत. जानेवारी २०२१पासून रिझर्व्ह बँकेनं ती हद्द पाच हजारांवर नेली. बँकेचं मन नुसत्या टेकवण्यानं तेवढ्यापुरतं जमा होतं. मंचरच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात हिशेब करून बघावा. डीएपीचं पोतं साडेतेराशेला. तीन पोती घेतली तर घड्याळ टेकवा आणि चला. चौथं घेतलं की यंत्र आकडा मागतं, आणि मागं उभे असलेले सगळे तो बघतात.